चौदाव्या नावापुढचा कापूस

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातला, खारपाणपट्ट्यातला शेतकरी. यंदा उन्हाळ्यात घराचे कवेलू उतरवले, तेव्हा माळ्यावरून बाबांची पत्र्याची पेटी निघाली. बाबा जिनिंगमध्ये मापारी होते. शिक्षण सातवी, पण वाचायचं भारी वेड. पेटीत एक लांबट वही आहे. तिच्यात अमेरिकेच्या अध्यक्षांची नावं एकाखाली एक, मोत्यासारख्या अक्षरात, थेट केनेडीपर्यंत. वॉशिंग्टनपुढे काही लिहिलेलं नाही, लिंकनपुढेही नाही. फक्त चौदावं नाव, फ्रँकलिन पिअर्स, त्याच्यापुढे लाल शाईनं 'कापूस' आणि खाली दोन रेघा. माझा पोरगा अमरावतीला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. तो मोबाइलवर पाहून म्हणाला, "आबाजीनं काहून लिवलं काय मालूम. हा तं सगळ्यात बेकार अध्यक्षायच्या यादीत हाय, अन् दारुडा होता म्हणते." बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. आता विचारू कोणाला, म्हणून तुम्हाला लिहितो. हा माणूस कोण आणि त्याचा कापसाशी काय संबंध?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला आधी माझीच लाज वाटली. छत्तीस वर्षं मी इतिहास शिकवला. अमेरिकेतल्या यादवीचा धडा आला की सुरुवात लिंकनपासून. त्याच्या आधीचे तिघं-चौघं म्हणजे जलद गाडीनं न घेतलेले थांबे. पिअर्सचं नाव मी वर्गात एकदाही काढलं नाही, आणि सातवी शिकलेल्या एका मापाऱ्यानं त्याच्याखाली दोन रेघा मारून ठेवल्या.

पोरगा सांगतो ते खोटं नाही. तिकडचे इतिहासकार अधूनमधून सगळ्या अध्यक्षांना गुण देतात. 2021 च्या एका मोठ्या पाहणीत पिअर्स 44 जणांत 42 वा आला. त्याच्या खाली दोघंच, अँड्र्यू जॉन्सन आणि जेम्स बुकॅनन. पण नापास झालेल्या पोराचा पेपर मी नेहमी पुन्हा काढून पाहायचो. कुठं चुकला ते पाहिल्याशिवाय शून्याला अर्थ नसतो.

पिअर्स न्यू हॅम्पशायरचा. हे उत्तरेकडचं थंड, छोटं राज्य. जन्म 1804. दिसायला देखणा, बोलायला गोड, भाषण पाठ करण्यात पटाईत. वकिली केली, संसदेच्या दोन्ही सभागृहांत बसला, मेक्सिकोच्या लढाईत ब्रिगेडियर जनरल झाला. तिथं घोडा अडखळला, हा खोगिरावर आपटून बेशुद्ध पडला, आणि विरोधकांना पुढे निवडणुकीत टिंगलीला आयता विषय मिळाला.

1852 साली बाल्टिमोरला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. उमेदवारीसाठी मोठमोठे चार पुढारी अडून बसले होते. मतदानावर मतदान झालं, कुणालाच पुरेशी मतं पडेनात. पस्तिसाव्या फेरीत पिअर्सचं नाव पहिल्यांदा पुढे आलं आणि एकोणपन्नासाव्या फेरीत तोच उमेदवार ठरला. का? कुणाचंच त्याच्याशी वाकडं नव्हतं. निवडणुकीत त्यानं 31 पैकी 27 राज्यं जिंकली.

एकोणपन्नासाव्या फेरीचं मला नवल वाटत नाही. आमच्या गावात एकदा तीन पार्ट्यांचं सरपंचपदावरून जुळेना. मारुतीच्या पारावर रात्री दीड वाजेपर्यंत बैठक चालली. शेवटी अशा एकाचं नाव निघालं, की ज्याच्याबद्दल कुणालाच राग नव्हता. सगळे म्हणाले, "घ्या बाप्पा, हाच बरा." नाव सुचवणारा मीच होतो. माणूस सोन्यासारखा, जो भेटेल त्याला 'हो' म्हणायचा. वर्षभरात त्यानं ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या, एकाच जागेसाठी दोन वेगवेगळ्या मोहल्ल्यांना शब्द दिला. दोघांनीही दगड-मुरूम आणून टाकला. पुढे काय झालं ते पोलीस पाटलानं पंचनाम्यात लिहिलं आहे, मी इथं लिहीत नाही. त्या सरपंचाला अजूनही कळलेलं नाही, की आपण कुणाचं वाईट केलं.

पिअर्सनं हेच केलं, एका देशाएवढ्या जागेत.

मधे एक गोष्ट सांगतो, कारण ती टाळून त्याच्याबद्दल बोलणं बरं नाही. त्याला तीन मुलगे. पहिला जन्मल्यावर तीन दिवसांतच गेला, दुसरा चार वर्षांचा होऊन तापानं गेला. उरला बेनी, अकरा वर्षांचा. बायको जेन, तिला राजकारणाचा मनस्वी तिटकारा. नवऱ्याला उमेदवारी मिळाल्याचं ऐकून तिची शुद्ध हरपली होती. बेनीनंही आईला लिहिलं होतं, की बाबा निवडून न आले तर बरं, मला वॉशिंग्टनला राहायचं नाही. निवडून आल्यावर, शपथेला दोन महिने उरले असताना, 6 जानेवारी 1853 रोजी तिघं आगगाडीनं निघाले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरजवळ डबा रुळावरून घसरून बांधाखाली कोसळला. आईबापाला खरचटलं, आणि पोरगं त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. नवऱ्याला एवढ्या मोठ्या कामात दुसरं कशाचं लक्ष नको, म्हणून देवानं लेकरू नेलं, असं जेननं मनाशी धरलं. जवळजवळ दोन वर्षं ती अध्यक्षांच्या वाड्यात वरच्या मजल्यावर बसून राहिली, आणि मेलेल्या मुलाला पत्रं लिहीत राहिली. उपाध्यक्ष विल्यम किंग क्षयानं आजारी. त्यानं क्युबात शपथ घेतली आणि महिन्याभरात तोही गेला.

हे सगळं वाचून मन कळवळतं. पिअर्सबद्दल लिहिणारे बरेचजण इथंच थांबतात आणि म्हणतात, बिचाऱ्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी इथं थांबत नाही.

आता कापसाकडे येतो. अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस पिकवायचे ते गुलामीतले काळे लोक. 1860 च्या शिरगणतीत ते चाळीस लाखांच्या आसपास होते. 1820 मध्ये एक तडजोड झाली होती, की पश्चिमेच्या नव्या मुलखात ठरावीक रेषेच्या उत्तरेला गुलामी नको. वावराच्या धुऱ्यावर दगड रोवलेला असला की भांडण असतं, पण कुऱ्हाड निघत नाही. तसं तीसेक वर्षं चाललं. 1854 मध्ये स्टीफन डग्लस नावाच्या सिनेटरला कॅन्सस-नेब्रास्काचा मुलूख रीतसर उघडायचा होता, रेल्वे न्यायची होती. दक्षिणेचे सिनेटर म्हणाले, आमची मतं हवीत तर तो दगड उपटा. जानेवारीत एका रविवारी ही मंडळी पिअर्सच्या घरी गेली. रविवारी सरकारी काम करायचं नाही, असा त्याचा नेम होता. पण युद्धमंत्री जेफर्सन डेव्हिसनं गळ घातली आणि पिअर्सनं नेम मोडला. जुनी तडजोड आता लागू नाही, या अर्थाची वाक्यं त्यानं कागदावर स्वतःच्या हातानं लिहून दिली. हा डेव्हिस म्हणजे तोच, जो पुढे फुटून निघालेल्या दक्षिणेचा अध्यक्ष झाला.

30 मे 1854 रोजी कायद्यावर सही झाली. कायदा ऐकायला झकास होता: गुलामी हवी की नको, ते तिथल्या रहिवाशांनी मतांनी ठरवावं. मग 30 मार्च 1855 ला कॅन्ससमध्ये मतदान झालं. मतदार 2905 आणि पडलेली मतं 6307! शेजारच्या मिसूरीतून हत्यारबंद टोळ्या गाड्या भरभरून आल्या, मतं टाकली आणि परत गेल्या. अशा मतांतून निवडून आलेलं विधिमंडळ पिअर्सनं मान्य केलं. ज्यांनी विरोध केला त्यांनाच बंडखोर ठरवलं. 1856 मध्ये तिथं गावं जळली, मुडदे पडले.

आणि ती सही झाली त्याच आठवड्यातलं हे ऐका. अँथनी बर्न्स नावाचा एक तरुण व्हर्जिनियातल्या गुलामीतून पळून बॉस्टनला आला होता, कापडाच्या दुकानात राबत होता. तो पकडला गेला. बॉस्टनचे लोक खवळले. पिअर्सनं कळवलं, कायदा राबवा. 2 जूनला त्या एका माणसाला रस्त्याच्या दुतर्फा सैन्य उभं करून बंदरापर्यंत चालवत नेलं आणि जहाजात घालून मालकाकडे परत पाठवलं. लोक दुकानांवर काळे कपडे टांगून उभे होते. पुढच्या वर्षी वर्गणी काढून त्याला सोडवला, हे नशीब. दक्षिणेत त्या वेळी रोज कुठल्या ना कुठल्या आईच्या हातातून पोर ओढून विकलं जात होतं. बेनीच्या बापाला हे दिसायला हवं होतं. माझा राग आहे तो इथं.

तो स्वतः गुलाम बाळगणारा नव्हता. गुलामी वाईट आहे असंही म्हणायचा. पण कायद्यात बसतं ना, मग तिच्याविरुद्ध ओरडणारेच देश फोडतात, हा त्याचा हिशेब. 1856 मध्ये त्याच्याच पक्षानं त्याला पुन्हा उमेदवारी दिली नाही. त्या कायद्याच्या रागातून रिपब्लिकन पक्ष जन्माला आला. राजकारणातून जवळपास बाजूला झालेला इलिनॉयचा एक वकील त्याच रागानं पुन्हा उठला. तो लिंकन. 1861 ला उत्तर आणि दक्षिण यांच्यात लढाई पेटली.

आता नकाशा आपल्याकडे फिरवा. पिअर्स पदावर आला मार्च 1853 मध्ये. त्याच वर्षीच्या मे महिन्यात निजामानं थकलेल्या फौजेच्या पगारापोटी आपलं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि 1854 मध्ये डलहौसीनं नागपूर खालसा केलं. हिंदुस्थानातला उत्तम कापसाचा मुलूख आपल्या हाती आला, असं त्यानं जाताना लिहूनही ठेवलं. इंग्रजांच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून यायचा आणि त्याची त्यांना धास्ती होती, की हा पुरवठा तुटला तर?

तो तुटला. लढाईत लिंकनच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, मजूर उपाशी बसले आणि मुंबईत कापसाचे भाव कडाडले. वऱ्हाडातल्या ज्वारीच्या वावरांत कपाशीची पऱ्हाटी उभी राहिली. रेल्वेचं काम तेव्हा चालूच होतं, नागपूरपर्यंत गाडी आली ती 1867 साली. तोवर बैलबंड्याच बंड्या. खामगाव आणि अमरावतीच्या बाजारांत रुई मावेना. उमरावतीचा माल म्हणून विलायतेच्या बाजारात आपल्या कापसाला 'ऊमरा' असं नावच पडलं. धागा आखूड आणि कचरा फार, म्हणून तिकडचे विणकर नाकं मुरडत, पण घेत. बंडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा चढवल्याच्या गप्पा त्या काळातल्या. माझ्या आजोबांनीही त्या ऐकलेल्या होत्या. चांदीची धाव पांदणीतल्या गोट्यांवर कितीक दिवस टिकणार, हा प्रश्न मी त्यांना विचारला होता आणि पाठीत धपाटा खाल्ला होता.

1865 च्या एप्रिलात तिकडे लढाई संपली. भाव कोसळले. वावरात पऱ्हाटी होती आणि सावकाराच्या वहीत कर्ज होतं. पऱ्हाटी उपटता येते.

बाबांनी 'कापूस' का लिहिलं असेल, याचा माझा अंदाज असा. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे मी सांगायचं म्हणजे जरा जास्तच होतं, पण मापाऱ्याला एक गोष्ट रोज दिसते. वजन इथं होतं. काटा आपल्यासमोर असतो, पोत्याखाली कुणी पाय लावला तर दिसतो. भाव मात्र इथं होत नाही. सकाळी अडत्या भाव सांगतो, तो कुठून आला हे त्यालाही सांगता येत नाही. बाबांनी तो भाव मागे मागे शोधत नेला असणार. लिंकनच्या नाकेबंदीपर्यंत बहुतेकजण पोचतात. बाबा तिथं न थांबता आणखी सात वर्षं मागे गेले आणि त्यांना ती रविवारची बैठक सापडली. माझं वाचन त्यांच्याहून कितीतरी जास्त, आणि मला नाही सापडली.

एक योगायोगही सांगतो. कॉलेजातला पिअर्सचा जिवलग मित्र म्हणजे कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न. निवडणुकीत त्यानं पिअर्सचं चरित्र लिहून दिलं आणि बदल्यात त्याला वकिलातीची जागा मिळाली. कुठली? लिव्हरपूल. अमेरिकेच्या कापसाच्या गाठी जिथं उतरत तेच बंदर, आणि पुढे आपला ऊमरा जिथं गेला तेही तेच.

दारूचं म्हणाल तर होय, प्यायचा. मधे सोडलीही होती. 1842 मध्ये सिनेट सोडून घरी आल्यावर त्यानं काँकॉर्ड गावात दारूबंदीच्या चळवळीत काम केलं. (वर्धा जिल्ह्यातल्या वाचकांनी हसू नये.) पुन्हा धरली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. 8 ऑक्टोबर 1869 रोजी यकृताच्या आजारानं गेला. लढाईच्या काळात त्यानं लिंकनवर टीका केली, डेव्हिसला पूर्वी लिहिलेलं पत्र उघड झालं, आणि गावानं तोंड फिरवलं. लिंकनच्या खुनाची बातमी आली तेव्हा त्याच्या दारात जमाव आला: तुझ्या घरावर शोकाचा झेंडा का नाही? त्याचा पुतळा त्याच्या स्वतःच्या राज्यानं उभारला तो 1914 साली.

मित्र म्हणून मात्र मी त्याला पैकीच्या पैकी गुण देतो. 1864 च्या मे महिन्यात हॉथॉर्न फार खंगला होता. हवापालट म्हणून पिअर्स त्याला घेऊन डोंगराकडे निघाला. प्लिमथ गावच्या हॉटेलात शेजारच्या खोलीत झोपला, मधलं दार उघडं ठेवून. रात्री उठून पाहायला गेला. मित्र कुशीवर झोपलेला दिसत होता. कपाळाला हात लावला, तर गार.

प्रश्न : (याच पाकिटात, वेगळ्या कागदावर) गुरुजी, मी वरच्या पत्रातल्या काकांची पुतणी. इयत्ता नववी. दादा म्हणतो पिअर्सनं शपथच घेतली नाही. मग तो अध्यक्ष कसा?

उत्तर : बेटा, दादाचं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेच्या घटनेत दोन शब्द दिलेत. 'मी शपथ घेतो' म्हणा किंवा 'मी प्रतिज्ञा करतो' म्हणा, दोन्ही चालतं. पिअर्सनं प्रतिज्ञा केली. बेनी जाऊन दोनच महिने झाले होते. देवाचं नाव घेऊन शपथ घ्यायला त्याची जीभ वळली नसावी, असं मला वाटतं. आपल्या घटनेतही हीच सोय आहे. पुढच्या वेळी टीव्हीवर आमदार शपथ घेताना दिसले की कान देऊन ऐक. कुणी 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' म्हणेल, कुणी 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. दोघांचंही पद सारखंच.

प्रतिज्ञेनंतर त्यानं तीन हजारांवर शब्दांचं भाषण हातात कागद न घेता केलं. बाहेर बर्फ पडत होतं. सुरुवातच त्यानं आपल्या दुःखापासून केली. तुमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा असेल, तर सरांना हे जरूर सांग, म्हणजे पाच मिनिटांच्या भाषणाला चिठ्ठी पाहणाऱ्यांना ते रागावतील.

आता एक काम तू माझं कर. आबाजींची ती वही पुन्हा माळ्यावर जाऊ देऊ नको. पाऊस लागला की वाळवी आधी कागद धरते. आणि उजेडात, खिडकीशी धरून पंधरावं नाव पाहा, जेम्स बुकॅनन. तो पिअर्सपेक्षाही खालचा. त्याच्यापुढे आबाजींनी काही लिहून खोडलंय का, पेन्सिलीची खूण आहे का, ते बघ आणि पोस्टकार्डावर कळव. काकांना सांगू नको, ते म्हणतील गुरुजींना उद्योग नाही.